ठेच, कळ आणि ठणका

अनवाणी चालताना पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की कळ मस्तकात गेली असे मराठीत म्हटले जाते, आणि हा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीवरही बराचसा खरा उतरतो. दुखते ते अंगठ्यात असे वाटत असले, तरी ते दुखणे प्रत्यक्ष जाणवते ते मेंदूला बातमी पोचल्यानंतरच. मधल्या वाटेत, म्हणजे अंगठ्यापासून कवटीपर्यंत, काहीतरी धावत जात असते. हे धावणारे काय असते, ते किती वेगाने धावते, वाटेत थकून विझून का जात नाही आणि शेवटी पोचल्यावर ते ठेच आहे की चटका आहे हे मेंदूला कसे कळते, हे प्रश्न साधे दिसतात. परंतु त्यांची उत्तरे मिळवण्यात शास्त्रज्ञांची दीडशेहून अधिक वर्षे गेली.

बातमी वाहून नेण्याचे काम ज्या पेशी करतात त्यांना चेतापेशी म्हणतात. शरीरातील बहुतेक पेशी गोल, चपट्या किंवा विटांसारख्या ठेंगण्या असतात, पण चेतापेशीला एक लांबच लांब धागा फुटलेला असतो आणि त्याला अक्षतंतू असे नाव आहे. अंगठ्यातील वेदना टिपणाऱ्या पेशीचा मुख्य भाग अंगठ्यात नसून कमरेच्या भागात, पाठीच्या कण्याला लागून असतो आणि तिचा तंतू तेथून मांडी, पोटरी व घोटा ओलांडून अंगठ्याच्या कातडीपर्यंत उतरलेला असतो. मोठ्या माणसात ही लांबी सुमारे १ मीटर भरते, तर पेशीच्या मुख्य भागाची रुंदी असते मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. ही पेशी फुगवून लिंबाएवढी केली, तर तिच्या धाग्याचे दुसरे टोक सुमारे ८०० मीटर दूर जाईल, म्हणजे एवढ्याशा लिंबाने पाऊण किलोमीटरहून लांबचा दोरा सांभाळण्यासारखे हे आहे. असे हजारो तंतू एकत्र बांधले गेले की नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी दोरी तयार होते. तिला चेता म्हणतात आणि बोलीत शिरा किंवा नस असेही म्हणतात, मात्र रक्त वाहणाऱ्या शिरेशी तिचा संबंध नसतो.

या दोरीतून वीज वाहत असावी ही शंका पहिल्यांदा बळावली ती इटलीतील बोलोन्या शहरात. तेथील लुईजी गॅल्व्हानी यांना मेलेल्या बेडकाच्या पायातील चेतेला विजेचा स्पर्श झाला की पाय झटका देऊन हलतो असे दिसले आणि १७९१ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यानंतर बराच काळ असे मानले गेले की चेतेतला संदेश विजेसारखा क्षणार्धात पोचत असणार, आणि योहानेस म्युलर या त्या काळच्या फार मोठ्या जर्मन शरीरशास्त्रज्ञांना तर त्याचा वेग कधी मोजता येईल असेच वाटत नव्हते. त्यांचेच विद्यार्थी असलेल्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास तो मोजून दाखवला. त्यांची युक्ती कोणत्याही शाळकरी मुलाला समजेल इतकी सोपी होती. बेडकाच्या पायाच्या चेतेला आधी स्नायूच्या जवळ आणि मग स्नायूपासून लांब असा विजेचा धक्का द्यायचा, दोन्ही वेळा स्नायू आखडायला किती उशीर लागतो ते पाहायचे आणि दोन्ही वेळांतील फरकाने दोन ठिकाणांमधील अंतराला भागायचे. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या जरासे आत. महामार्गावरील मोटारही हा वेग सहज गाठते.

या उत्तराने एक कोडे सुटले आणि त्याहून मोठे कोडे उभे राहिले. तांब्याच्या तारेतून विजेचा संकेत प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने पोचतो. चेतेतही वीजच असेल, तर ती लाखो पटींनी मंद कशी? उत्तर असे की चेता ही तार नव्हेच. मुलांच्या पुस्तकांतून चेतांना शरीरातील टेलिफोनच्या तारा म्हणण्याची जुनी रीत आहे, पण ती उपमा मुळातच दिशाभूल करते आणि तिच्याऐवजी देवघरातील उदबत्ती समोर ठेवली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. उदबत्तीचा निखारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, पण त्यात कोणताही पदार्थ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जात नाही. जळणारा भाग शेजारच्या भागाला तापवतो, तो पेटला की त्याच्या पुढच्याला तापवतो, आणि प्रत्येक भाग स्वतःचेच इंधन जाळत असल्यामुळे शेवटच्या इंचावरचा निखारा पहिल्या इंचाइतकाच लालभडक असतो. चेतेतील संदेश, ज्याला आवेग म्हणतात, तो असाच जागोजागी नव्याने पेटत पुढे जातो.

मग चेतेतले इंधन कोणते? ते समजण्यासाठी मिठाकडे वळावे लागते. मीठ पाण्यात विरघळले की त्यातील सोडिअमचे कण धन विद्युतभार घेऊन सुटे होतात आणि अशा विद्युतभारित कणांना आयन म्हणतात. घाम आणि अश्रू खारट लागतात, कारण पेशींच्या बाहेरचा शरीरातील द्रव खारटच असतो. पेशींच्या आत मात्र सोडिअम थोडे आणि पोटॅशिअम भरपूर असते. बाहेर सोडिअम आतल्यापेक्षा दहा पटींहून जास्त आणि आत पोटॅशिअम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीस पट, ही विषमता आपोआप टिकत नाही. प्रत्येक चेतापेशीच्या पातळ आवरणात, म्हणजे पेशीपटलात, प्रथिनांचे अगणित सूक्ष्म पंप बसवलेले असतात आणि ते अहोरात्र ३ सोडिअम आयन बाहेर फेकत आणि २ पोटॅशिअम आयन आत ओढत राहतात. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये शोधला आणि त्यासाठी त्यांना थेट १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा खातो, त्यातला मोठा भाग या पंपांनाच लागतो. अभ्यास करून दमलेल्या मुलाला भूक लागत असेल वा नसेल, पण मेंदूची भूक मात्र तो झोपलेला असतानाही चालूच असते.

या सगळ्या खटाटोपामुळे, आणि आतील पोटॅशिअम थोडे थोडे बाहेर झिरपत राहिल्यामुळे, पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित राहते. फरक असतो सुमारे ७० मिलिव्होल्टचा; बॅटरीचा एक साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या विसाव्या भागाच्या आसपास. हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी असते, आणि एवढ्याशा जाडीवर तो ताण पडत असल्यामुळे तो मीटरमागे जवळजवळ १ कोटी व्होल्ट इतका तीव्र ठरतो. चेतापेशी स्वस्थ असते तेव्हाही ताणलेल्या धनुष्यासारखी सज्ज असते.

पटलात सोडिअमसाठी दारे असतात आणि ती साधारणपणे बंद असतात. ठेचेने अंगठ्याची कातडी दाबली गेली की तंतूच्या टोकाशी काही दारे उघडतात, थोडे धनभारित आयन आत शिरतात आणि आतला ऋणभार थोडासा घटतो. तो थोडाच घटला तर काहीच घडत नाही. मात्र एका ठरावीक मर्यादेपलीकडे घटला की त्या जागेची सोडिअमची उरलेली दारे एकदम सताड उघडतात, बाहेर ताटकळलेले सोडिअम आत लोटते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात आतली बाजू ऋणाची धन होते. ही उलथापालथ शेजारच्या पट्ट्यातील दारांना जाणवते, तीही उघडतात, मग त्यांच्या शेजारची. इकडे मागे राहिलेल्या पट्ट्यात सोडिअमची दारे आपोआप मिटतात, पोटॅशिअमची उघडतात, पोटॅशिअम बाहेर पडते आणि तो भाग पुन्हा पहिल्यासारखा ऋण होतो. नुकतीच मिटलेली दारे क्षणभर पुन्हा उघडत नाहीत, म्हणून आवेग मागे वळू शकत नाही, जसा निखारा मागच्या राखेकडे परतू शकत नाही. उदबत्तीशी असलेले साम्य येथे संपते, कारण उदबत्ती एकदाच जळते आणि तंतू मात्र एक-दोन सहस्रांश सेकंदांत पुन्हा पेटण्यास तयार होतो. एका आवेगात ये-जा करणारे आयन इतके थोडे असतात की आतबाहेरचा साठा जवळपास तसाच राहतो.

हे सगळे कळले ते एका समुद्री प्राण्यामुळे, याचा उल्लेख व्हायलाच हवा. माणसाचे तंतू इतके बारीक असतात की त्यांच्या आत उपकरण घालणे त्या काळी शक्य नव्हते. कोकणात ज्याला म्हाकूल म्हणतात त्या वर्गातील प्राण्यांच्या अंगात धोका दिसताच झटक्यात पाणी मागे फेकून निसटण्यासाठी अतिशय जाड तंतू असतात, काहींची जाडी १ मिलिमीटरपर्यंत असते आणि ते तंतूच आहेत हे जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर १९३९ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूच्या आत बारीक तार घालून आवेग जाताना आतील विद्युतदाब पहिल्यांदा मोजला. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, दारे कोणत्या क्रमाने उघडतात व मिटतात याची गणिती समीकरणे मांडली, आणि त्यांच्या विद्यापीठाचा संगणक तेव्हा वापरता येत नसल्यामुळे हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. ती समीकरणे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. विशेष असे की ती लिहिली तेव्हा एकही दार कोणी पाहिलेले नव्हते. एकेका दारातून जाणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत एर्विन नेअर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये आणली, आणि आधीचे अनुमान योग्य ठरले.

आता वेगाकडे परत येता येईल. उघड्या तंतूत प्रत्येक पट्टा पेटवावा लागत असल्याने आवेग सावकाश जातो, सेकंदाला १ मीटरच्या आसपास. पण ज्या बातम्यांची घाई असते त्यांच्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेढे असतात. श्वान पेशी नावाच्या साहाय्यक पेशी तंतूभोवती पुन्हापुन्हा गुंडाळल्या जाऊन हे वेढे बनवतात. हे आवरण सलग नसून साधारण मिलिमीटरभर अंतरावर त्यात एक बारीक फट असते. झाकलेल्या भागात दारांची उघडझाप करावी लागत नाही, तेथून विजेचा परिणाम जवळजवळ तत्काळ पुढच्या फटीपर्यंत पोचतो आणि फक्त फटीत आवेग नव्याने पेटतो, जसा ओढा ओलांडणारा मुलगा पाण्यात न उतरता दगडावरून दगडावर उड्या टाकत पलीकडे जातो. अशा जाड, वेढलेल्या तंतूंतील वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे जातो.

आणि म्हणूनच ठेचेचे दुखणे एकदम येत नाही. स्पर्श सांगणारे तंतू जाड व वेढलेले असल्यामुळे अंगठा कशावर तरी आपटला ही बातमी सर्वात आधी पोचते, सेकंदाच्या काही शतांश भागांत. तीव्र, टोचणारी कळ पातळ आवरणाच्या तंतूंतून येते, तिला दहाव्या भागाइतका वेळ लागतो. त्यानंतर, एखादा सेकंद उलटल्यावर, उघड्या तंतूंतून रमतगमत आलेले ते बोथट, रेंगाळणारे दुखणे पोचते ज्याला ठणका म्हणतात. कळ आणि ठणका असे दोन शब्द मराठीने फार पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. त्यांच्या वाटा शरीरातही वेगळ्या आहेत.

येथे एक आश्चर्य लक्षात घ्यावे लागते. सर्व तंतूंतील आवेग एकाच प्रकारचा असतो. ठेचेचा आवेग, गाण्याचा आवेग आणि आंब्याच्या वासाचा आवेग यांत फरक करता येत नाही. जोरात ठेच लागली म्हणून आवेग मोठा होत नाही, जशी मशालीने पेटवली म्हणून उदबत्ती जास्त प्रखर जळत नाही. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेकट्या तंतूतील आवेग टिपले आणि जोर वाढला की आवेगांची संख्या वाढते, म्हणजे ते एकामागून एक अधिक दाटीने येतात, हे दाखवले. बातमी कशाची आहे हे मेंदूला कळते ते ती कोणत्या तंतूने आणली यावरून. याचा पुरावा कोणालाही कोपर आपटल्यावर मिळतो. तेथे हाडाच्या खोबणीतून एक चेता कातडीच्या अगदी जवळून जाते. धक्का कोपराला बसतो आणि झिणझिण्या करंगळीत व अनामिकेत येतात, कारण ते तंतू त्या बोटांचे आहेत आणि मेंदूला वाटेत काय घडले हे कळण्याचा मार्ग नसतो. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात तेव्हाही दबलेले तंतू दाब सुटताच कारण नसताना आवेग सोडू लागतात आणि मेंदू त्यांच्यावर विश्वास ठेवतो. मिरचीचेही असेच आहे. उष्णतेच्या चटक्याने, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर, उघडणारे एक दार मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्यानेही उघडते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्याची दखल घेतली गेली. तांबड्या रश्श्याने तोंडाची आग झाली असे म्हणणारा माणूस अतिशयोक्ती करत नसतो. त्याच्या मेंदूला खरोखरच आगीची वर्दी पोचलेली असते.

अंगठ्याकडून निघालेला वेदनेचा तंतू थेट मेंदूपर्यंत जात नाही. कण्याच्या पोकळीतील मेरुरज्जूत तो संपतो, आणि तेथे दुसरी चेतापेशी सुरू होते. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या जागेला संपर्कस्थान म्हणतात. आवेग ही फट उडी मारून ओलांडत नाही, तर तो टोकाशी पोचला की तेथील सूक्ष्म पिशव्या फुटून रसायन बाहेर पडते, ते पलीकडच्या पेशीवरील दारांना उघडते आणि तेथे नवा आवेग पेटतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर हे सिद्ध केले: एका हृदयाची गती मंदावणारी चेता त्यांनी उद्दीपित केली, त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, आणि ज्याच्या चेतेला हातही लावला नव्हता ते दुसरे हृदयही मंदावले. त्या रसायनाचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन, आणि स्नायूंना हुकूम देतानाही चेता तेच वापरतात.

संपर्कस्थानांमुळेच बातमीवर विचार करता येतो, ती वळवता येते आणि दाबताही येते. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो तो मेंदूला विचारून नव्हे. मेरुरज्जूतच संदेश स्नायूंच्या पेशीकडे वळवला जातो, आणि याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. ठेच लागलेला अंगठा माणूस नकळत चोळतो त्यामागेही असेच कारण असावे, कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडल्याप्रमाणे स्पर्शाचे तंतू मेरुरज्जूत वेदनेच्या बातमीला काही अंशी अडवतात. त्या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बदल झाले, परंतु आईने चोळलेल्या पायाला बरे का वाटते याचे उत्तर त्यातून मिळाले.

संपर्कस्थानाच्या या फटीवरच घाला घालणारी विषेही महाराष्ट्रात घराजवळ सापडतात. नागाच्या विषातील द्रव्ये स्नायूवरील अ‍ॅसिटिलकोलिनची दारे अडवतात. मण्याराचे विष त्याहून खोल जाऊन रसायन सोडणारी चेतांची टोकेच निकामी करते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि श्वासाचे स्नायू थांबू लागतात, तरी माणसाला आतून सर्व काही समजत असू शकते. म्हणून वेदना नाही म्हणून वाट पाहत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेऊन प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास देणे हाच उपाय आहे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या प्रतिविषाशी दीर्घकाळ जोडलेले आहे.

वेदनेची बातमीच बंद पडली तर काय होते, हे कुष्ठरोगाने दाखवून दिले आहे. या रोगाचे जंतू तंतूंना वेढणाऱ्या त्याच श्वान पेशींत घर करतात आणि हळूहळू हातापायांची संवेदना नाहीशी होते. रुग्णाची बोटे रोगच खातो असे शतकानुशतके मानले गेले आणि त्या भीतीपोटी माणसांना गावाबाहेर काढले गेले. ज्या काळात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले त्याच सुमारास वेल्लोर येथे पॉल ब्रँड हे शल्यविशारद दाखवून देत होते की बोटे झिजतात ती मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे, कारण गरम भांडे हाताला लागले किंवा खिळा तळव्यात शिरला तरी तो माणूस थांबत नाही. रोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो, परंतु गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून अशा रुग्णांना रोज पाय पाण्यात भिजवून मग तळवा उलटा करून, आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट न्याहाळायला शिकवले जाते. ठेच लागली की नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागते.